जुनी मोटार आणि मोठा कार्बुरेटर



या व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला बोलावणे धाडले, तेव्हा त्यांची अपेक्षा अशी असावी की, कामगार चळवळीत आयुष्य घालवलेला हा माणूस बोनस, महागाई भत्ता किंवा कंत्राटी कामगार यांपैकी एखादा विषय घेईल. आम्ही विषय कळवला तो 'जुन्या मोटारीचा कार्बुरेटर'. चिटणीसांनी ऐकण्यात काही चूक झाली नाही ना, याची दोनदा खात्री करून घेतली. चूक झालेली नव्हती. आमचे शालेय शिक्षण आठवीपर्यंतचे. पुढचे शिक्षण मुंबईतल्या एका गॅरेजात मोटारीखाली उताणे पडून झाले. पुस्तके आम्ही नंतर वाचली, तीही रद्दीच्या दुकानातून वजनावर आणलेली. त्यामुळे ज्या विषयावर चार शब्द अधिकाराने बोलता येतील असा हा एकच विषय आमच्यापाशी आहे. कामगारांचा प्रश्न तरीही यात येईल; तो आम्ही ओढून आणणार नाही, त्याच्या पायाने येईल.

मोटार कोणती ते प्रथम सांगतो. प्रीमियर पद्मिनी. इटलीतल्या फियाट कंपनीने १९५३ साली '११००' ही मोटार नव्या घाटाची करून बाजारात आणली. तिचेच वंशज आपल्याकडे कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होऊ लागले आणि १९७० नंतरच्या दशकात त्याला पद्मिनी हे नाव मिळाले. १०८९ घन सेंटिमीटरचे चार सिलिंडरांचे इंजिन, चाळीसच्या आसपास अश्वशक्ती, सुकाणूच्या दांड्यापाशी गियरचा दांडा, चारही चाकांना ड्रमचे ब्रेक. मुंबईची काळीपिवळी टॅक्सी म्हणजे पद्मिनी, असे समीकरण कैक वर्षे होते. वीस वर्षांच्या वयोमर्यादेमुळे अशी शेवटची टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरात रस्त्यावरून उतरली. आता ही मोटार उरली आहे ती हौशी माणसांच्या दारात. आजोबांची मोटार नातवाने रंगवून, धुऊनपुसून ठेवलेली असते. असे तरुण आमच्याकडे येतात आणि विचारतात, "काका, गाडी सुरेख आहे, पण पिकअप नाही. मोठा कार्बुरेटर बसवू का?"

या प्रश्नाचे उत्तर 'हो' किंवा 'नाही' असे एका शब्दात देता येत नाही. ते नीट देता यावे म्हणून आजचे व्याख्यान.

कार्बुरेटर म्हणजे काय? पुष्कळांची समजूत अशी की, तो इंजिनाला पेट्रोल पाजणारा भाग. ही समजूत निम्मीच खरी आहे. इंजिनाची खरी भूक हवेची असते. थोडा हिशेब करू. चार फेऱ्यांच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडर दोन आवर्तनांत एकदा भरतो. १०८९ घन सेंटिमीटर म्हणजे लिटरभराहून थोडे अधिक. इंजिन मिनिटाला पाच हजार आवर्तने करीत असेल, तर ते अडीच हजार वेळा भरेल; म्हणजे सत्तावीसशे लिटर हवा. प्रत्यक्षात सिलिंडर काठोकाठ भरत नाही. चार-पंचमांश भरतो असे धरले, तरी सुमारे बावीसशे लिटर हवा दर मिनिटाला आत जाते. पाणी साठवण्याचे दोनशे लिटरचे मोठे पिंप आपण पाहिले असेल. तशी अकरा पिंपे. आणि एवढ्या हवेबरोबर पेट्रोल किती? साधारण दोनशे ग्रॅम, चहाचा एक मोठा पेला. एक पेला पेट्रोल आणि अकरा पिंपे हवा! आता आपणच ठरवा, जेवणारा कशाने पोट भरतो.

ही दोन्ही प्रमाणात मिसळणे हे कार्बुरेटरचे काम. त्याच्या नळीत मध्येच एक अरुंद भाग असतो, त्याला आम्ही गॅरेजात 'गळा' म्हणत असू. नदीचे पात्र अरुंद झाले की पाण्याला वेग येतो, तसा या गळ्यात हवेला वेग येतो, आणि वेग आला की तिथला दाब कमी होतो. व्हेंतुरी नावाच्या इटालियन पंडिताने अठराव्या शतकाच्या अखेरीस हा गुण अभ्यासला, म्हणून त्या गळ्याला त्याचे नाव मिळाले आहे. दाब कमी झालेल्या ठिकाणी बारीक भोकाचा एक जेट ठेवलेला असतो. त्यातून पेट्रोल आपोआप वर ओढले जाते आणि त्याचे तुषार होतात. शेजारच्या टाकीत फ्लोट तरंगत असतो, तो पेट्रोलची पातळी राखतो. पंधरा भाग हवेला एक भाग पेट्रोल, वजनाने, हे साधारण प्रमाण. जोर हवा असेल तेव्हा बारा-तेरा भागांना एक. यंत्राला डोळे नाहीत, मेंदू नाही, तरी ते हे प्रमाण राखते. आम्ही पहिल्यांदा कार्बुरेटर खोलला, तेव्हा आमच्या उस्तादांनी बजावले होते की, या भोकांत तार घालायची नाही, फुंकर घालायची. जेटचे भोक केसभर मोठे झाले तरी प्रमाण बिघडते.

आता मोठ्या कार्बुरेटरकडे येऊ. गळा अरुंद असेल तर जास्त वेगात इंजिनाला धाप लागते. गळा मोठा केला तर हवा अधिक जाईल, शक्ती वाढेल. हे तर्कशास्त्र बरोबर आहे. परंतु हाच मोठा गळा गर्दीच्या रस्त्यात, हळू चालताना, आपल्याला दगा देतो. हवा थोडी आणि वाट रुंद, म्हणून तिला वेग येत नाही. वेग नाही म्हणून दाब उतरत नाही. पेट्रोलचे तुषार न होता थेंब होतात. गाडी धक्के खाते, प्लग काळे पडतात, न जळलेले पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचे तेल धुऊन काढते आणि इंजिन आतून झिजते. अधिक द्यावे म्हणून केले आणि थोडक्यात जे चालले होते तेही गेले, असा हा प्रकार.

यावर तोड काढणाऱ्यांपैकी एक होता बोलोन्याचा एदोआर्दो वेबर. त्याने १९२३ साली आपला कारखाना काढला, तोच मुळी फियाट मोटारींसाठी सुधारित कार्बुरेटर विकण्यापासून. त्याने दोन गळ्यांचा कार्बुरेटर पुढे आणला. एक गळा लहान, नेहमीच्या चालीसाठी. पायाखालचा पट्टा पुष्कळ दाबला की मग दुसरा, मोठा गळा उघडायचा. घरात रोजच्या वापराला एक दार आणि लग्नकार्याला दिंडीदरवाजा असावा, तशी ही व्यवस्था.

आमच्या पद्मिनीच्या मूळ इटालियन घराण्यात याचा उत्तम दाखला आहे. १९५३ सालच्या साध्या ११०० मोटारीची अश्वशक्ती ३६ च्या आसपास होती. त्याच साली कंपनीने तिचीच वेगवान आवृत्ती काढली, ती 'तुरिस्मो वेलोचे'. इंजिन तेच, १०८९ घन सेंटिमीटरचे. तिला दोन गळ्यांचा वेबर कार्बुरेटर दिला आणि शक्ती ४८ ते ५० च्या घरात गेली. आमचे हौशी तरुण हा दाखला नेहमी देतात. परंतु अर्धाच देतात. कंपनीने नुसता कार्बुरेटर बदलला नव्हता. सिलिंडरातला दाबही वाढवला होता. हवा जास्त घेतली, ती जास्त दाबली, तेव्हा कुठे बारा-चौदा घोडे वाढले.

दुसरा दाखला इंग्लंडचा. 'मिनी' ही चिमुकली मोटार १९५९ साली निघाली, तेव्हा तिचे इंजिन ८४८ घन सेंटिमीटरचे आणि शक्ती ३४ होती. शर्यतीच्या मोटारी बांधणारे जॉन कूपर यांच्या नावाने १९६१ साली तिची जी आवृत्ती निघाली, तिला एकाऐवजी दोन एस. यू. कार्बुरेटर बसवले होते आणि शक्ती ५५ झाली होती. लोकांच्या लक्षात राहिले ते दोन कार्बुरेटर. पण त्या मोटारीत इंजिन वाढवून ९९७ घन सेंटिमीटरचे केले होते, दाब वाढवला होता, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पुढच्या चाकांना ड्रम काढून डिस्कचे ब्रेक दिले होते. ज्यांनी शक्ती वाढवली, त्यांनीच थांबण्याची सोयही वाढवली. हे वाक्य आपण ध्यानात ठेवावे, कारण आम्ही ते एकदा विसरलो होतो.

ती हकीकत आता सांगतो. गेल्या इतक्या वर्षांत ती आम्ही जाहीरपणे कधी सांगितलेली नाही.

साल १९९२. आमचे वय बावीस. द्रुतगती मार्ग तेव्हा नव्हता. दादर ते पुणे भाड्याच्या पद्मिनी जुन्या रस्त्याने बोरघाटातून जात. आमच्या गॅरेजात एका मालकाच्या चार मोटारी येत असत. त्यांपैकी एकीवरच्या चालकांना सारे 'मामा' म्हणत. पंचेचाळिशीचे, कमी बोलणारे, गाडीला पोटच्या पोरीसारखे जपणारे. मामांची एकच तक्रार असे. पाच उतारू आणि टपावर सामान घेऊन खोपोलीहून वर चढताना गाडी दुसऱ्या गियरात रडते, पाणी उकळते, मध्येच थांबावे लागते. आम्हांला ट्यूनिंगचा नवा नाद लागलेला. कुर्ल्याच्या भंगार बाजारातून आम्ही दोन गळ्यांचा एक कार्बुरेटर मिळवला, खाली बसवायला लेथवर पट्टी कातून घेतली, चार रात्री जागून जेट जमवले. गाडी घाटात तिसऱ्या गियरात चढली. मामांनी परत आल्यावर आमच्या पाठीवर थाप मारली आणि पेढ्यांचा पुडा दिला. आम्हांला आकाश ठेंगणे झाले.

पहिला हिशेब महिन्याने आला. लिटरला बारा किलोमीटर देणारी गाडी नऊवर आली होती. दुसरा हिशेब मालकाने मांडला. गाडी लवकर पोचते, तर दिवसाकाठी दोन खेपांऐवजी तीन खेपा का होऊ नयेत? पेट्रोल वाढले ते भरून निघेल. तीन खेपा म्हणजे बारा-तेरा तास सुकाणूवर. पगारात फरक नाही. आम्ही मामांना घाटात थोडा आराम मिळावा म्हणून जे घोडे जोडले, ते मालकाने तिसऱ्या खेपेला जुंपले. आणि ब्रेक? ब्रेक होते तेच होते. ड्रम तेच, लायनर तेच. आम्ही त्यांच्याकडे पाहिलेसुद्धा नाही, कारण आमचे सारे लक्ष चढण्याकडे होते.

घाट उतरताना काय होते ते पाहा. खंडाळ्याहून खोपोलीपर्यंत सुमारे पाचशे मीटरची उतरण. माणसांसह साडेबाराशे किलोची गाडी तेवढी खाली आणायची, तर जी शक्ती सोडावी लागते, तिने अठरा-वीस लिटर पाणी उकळेल. यातली काही इंजिन गियरात राहून अडवते, काही वारा अडवतो, उरलेली सगळी ब्रेकच्या ड्रममध्ये उष्णता होऊन साठते. सावकाश उतरले तर ड्रम निवत जातात. घाईने उतरले तर निवायला वेळ मिळत नाही. वेग ताशी ऐंशीवरून शंभर झाला, म्हणजे सव्वापट, तर तो थांबवण्याचे ओझे सव्वापट होत नाही, दीडपटीहून अधिक होते. ड्रम तापून फुगतो, लायनर गुळगुळीत होते, आणि पाय दाबला तरी गाडी पुढेच जाते.

तिसऱ्या खेपेला, संध्याकाळी, तेच झाले. मामांनी गाडी दरीकडे जाऊ दिली नाही. डोंगराच्या अंगाला घातली. उतारूंना खरचटण्यावर निभावले. मामांचा उजवा हात दोन जागी मोडला.

मालक गॅरेजात आला, तेव्हा आम्ही तिथेच होतो. दुरुस्तीचा खर्च मामांच्या पगारातून कापणार, असे त्याने जाहीर केले. मामा हात गळ्यात बांधून उभे होते. कार्बुरेटर कोणी बदलला, हे मालकाला ठाऊक नव्हते. त्याने फक्त गाडी जोरात पळते एवढेच पाहिले होते. मामांनी आमचे नाव घेतले असते तर दोष वाटला गेला असता. त्यांनी ते घेतले नाही. "ब्रेक जुने झाले होते," एवढेच म्हणाले. आणि आम्ही? आम्ही गप्प राहिलो. नोकरी जाईल ही भीती होती. ते गप्प राहणे आजही आमच्या अंगावर येते.

त्या रात्री झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी उस्तादांना सारे खरे सांगितले. ते रागावले नाहीत. त्यांनी आम्हांला कागद आणायला सांगितला आणि शक्ती वाढवली की आणखी कोणकोणत्या भागांवर ओझे पडते, ते लिहून काढायला लावले. आम्ही ब्रेक, क्लच, पाणी, तेल, टायर असे लिहीत गेलो. शेवटी ते म्हणाले, "चालकाला विसरलास." मग आम्ही बाकीच्या तीन चालकांना गाठले, मालकाच्या दारात सगळे मिळून गेलो, आणि कार्बुरेटर आम्हीच बसवला हेही तिथे सांगून टाकले. आमची नोकरी गेली. पण तिसरी खेप बंद झाली आणि मामांच्या पगारातली कपात रद्द झाली. मामांचा हात मात्र पुरता सरळ झाला नाही. लांबच्या गाडीवर ते पुन्हा बसले नाहीत. आमच्या युनियनच्या कामाची सुरुवात ही अशी एका कार्बुरेटरपासून झाली.

पुढे कारखान्याकारखान्यांतून हिंडताना आम्हांला हीच गोष्ट पुनःपुन्हा दिसली. पट्ट्याचा वेग वाढतो, उत्पादनाचा आकडा वाढतो, पेढे वाटले जातात. पंख्यांची हवा, विश्रांतीची मिनिटे, यंत्रावरची जाळी ही मात्र जुन्या वेगाची असतात. आम्ही वेगाच्या विरुद्ध नाही. ज्याने स्वतःच्या हाताने इंजिनाचा जोर वाढवला आहे, तो वेगाचा शत्रू कसा असेल? आम्ही एवढेच विचारतो की, वाढलेले घोडे कोणी वापरले आणि ब्रेकचे पैसे कोणी भरले.

आता तरुणांच्या प्रश्नाचे उत्तर. मोठा कार्बुरेटर बसवू का? आमचा सल्ला क्रमाने असा आहे.

पहिली गोष्ट, नवी शक्ती शोधण्याआधी हरवलेली शक्ती शोधा. जुन्या मोटारीला मूळचे चाळीस घोडे तरी शिल्लक आहेत का? चारही सिलिंडरांचा दाब मोजा. टॅपेट जुळवा. पॉइंट, प्लग आणि टायमिंग पाहा. एअर फिल्टर बदला. कार्बुरेटरखालच्या गॅसकेटमधून चोरवाटेने हवा जाते का ते बघा; थ्रॉटलचा दांडा झिजून खुळखुळत असेल तर तिथूनही जाते. मूळ सोलेक्स कार्बुरेटर नीट साफ करून फ्लोटची पातळी जुळवली, एवढ्यावर दहांतले सात तरुण समाधानाने घरी गेलेले आम्ही पाहिले आहेत.

दुसरी गोष्ट, थांबण्याची तयारी आधी करा. ड्रम, लायनर, ब्रेकचे तेल, होज पाइप, टायर. हे काम झाल्याशिवाय आम्ही कार्बुरेटरला हात लावीत नाही. यात थोडा जुना अपराधही फेडला जातो.

तिसरी गोष्ट, बसवायचाच असेल तर दोन गळ्यांचा, इंजिनाला साजेसा बसवा. मोठ्यात मोठा नव्हे. हवा आत जाण्याबरोबर धूर बाहेर जाण्याची वाटही मोकळी हवी, म्हणून सायलेन्सरकडे पाहा. जेट जमवताना प्लगचा रंग वाचा. फिकट विटकरी रंग म्हणजे प्रमाण बरोबर, काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, पांढराफटक म्हणजे कमी. कमी पेट्रोल अधिक घातक, कारण त्याने इंजिन तापून पिस्टन जळतो.

गॅसवर चालणाऱ्या गाडीसाठी एक वेगळी सूचना. मुंबईच्या टॅक्सी सीएनजीवर गेल्या, तेव्हा आमचे कित्येक चालक सभासद म्हणत की गाडी मेली. ती मेली नव्हती. गॅस आत जाताना स्वतःच जागा व्यापतो, म्हणून तेवढी हवा कमी जाते आणि साधारण दहावा हिस्सा शक्ती घटते. तिथे मोठा गळा उपयोगी पडत नाही. ठिणगीचे टायमिंग थोडे अलीकडे आणले तर काही अंशी भरपाई होते, कारण हा गॅस पेट्रोलपेक्षा सावकाश जळतो.

चौथी गोष्ट कायद्याची. मोटार वाहन कायदा, १९८८, याच्या कलम ५२ प्रमाणे मूळ उत्पादकाने ठरवलेल्या आणि नोंदणीत लिहिलेल्या तपशिलांत फरक पडेल असा बदल परस्पर करता येत नाही. तेव्हा परिवहन कार्यालयात आधी विचारा. धुराची तपासणी तर हवीच. तुमच्या हौसेचा धूर शेजाऱ्याच्या मुलाने का गिळावा?

आणि शेवटची गोष्ट. मोटार तुम्हीच चालवणार असाल, तर हा हिशेब तुमचा तुमच्याशी. पण ती दुसऱ्या कोणाच्या हाती देणार असाल, तर शक्ती वाढवण्याआधी त्या माणसाला विचारा. आम्ही मामांना चढणीबद्दल विचारले होते. उतरणीबद्दल विचारले नाही.